थरांची पट्टी पिळताना: हिशेब मांडायची माझी रीत

माझ्या टेबलावर कार्बन-इपॉक्सीच्या, म्हणजे इपॉक्सी रेझिनमध्ये कार्बनचे धागे बसवलेल्या मालाच्या, दोन पट्ट्या कायम पडलेल्या असतात. दोन्ही एकाच मालातून बनवलेल्या, ३० मिलिमीटर रुंद, २ मिलिमीटर जाड, सोळा-सोळा थरांच्या. वजन सारखं, दिसायलाही सारख्या. एकीतले सगळे धागे लांबीच्या दिशेने आहेत, दुसरीत थर आलटून-पालटून +४५ आणि −४५ अंशांवर लावलेले आहेत. नवीन कोणी कामावर आलं की मी दोन्ही पट्ट्या त्याच्या हातात देते आणि आधी वाकवून, मग पिळून बघायला सांगते. वाकवताना पहिली दाद देत नाही आणि दुसरी सहज वाकते. दोघींत सातपटीचा फरक आहे. पिळायला घेतलं की पारडं फिरतं. आता पहिलीच मऊ लागते आणि दुसरी सहापट ताठ.

हा अनुभव एकदा हाताला आला की पुढचे मॅट्रिक्स (ताठपणाच्या आकड्यांचे तक्ते) परके वाटत नाहीत. बोटांना जाणवलेला हा सहाचा आकडा कागदावर कसा आणायचा, आणि कागदावरचा आकडा चाचणीशी जुळला नाही तर आधी कुठे बघायचं, ते इथे सांगते. माझ्या अनुभवात हिशेब चुकतो तेव्हा दोष बहुतेक वेळा मालाच्या गुणधर्मांत नसतो. पट्टीच्या कडा आणि टोकं नजरेतून सुटलेली असतात.

छेद आधी बघा

सूत्र शोधण्याआधी बीमचा छेद उघडा आहे की बंद, हे ठरवा. पट्टी, आय-सेक्शन, चॅनेल हे उघडे. नळी, चौकोनी बॉक्स, पात्याचं पोकळ शरीर हे बंद. बंद छेदात शिअर (मालाला बाजूने ढकलून तिरका करणारा जोर) भिंतीतून गोल फिरतो आणि पीळ थरांच्या पातळीतल्या ताठपणावर, म्हणजे ए-६६ वर, तोलला जातो. उघड्या छेदात तसं फिरायला वाट नसते, त्यामुळे सगळा भार जाडीच्या आतल्या ताठपणावर, म्हणजे डी-६६ वर येतो. (ए आणि डी हे सगळ्या थरांच्या ताठपणाचे मॅट्रिक्स: ए पातळीतला, डी वाकण्या-पिळण्यातला. पुढचे आकडे त्यातली जागा दाखवतात.)

फरक किती मोठा आहे ते बघा. २० मिलिमीटर त्रिज्या आणि २ मिलिमीटर भिंत असलेली ±४५ ची नळी घ्या. ब्रेट यांनी १८९६ साली मांडलेल्या सूत्राने तिचा पीळ-ताठपणा, म्हणजे टॉर्क (पिळणारा जोर) भागिले दर मीटरला येणारा पीळ, साधारण ४,७०० न्यूटन-मीटर² येतो. तीच नळी लांबीभर एका रेषेत चिरली, तर १५.६ उरतो. म्हणजे तीनशेपट कमी, आणि माल तर एक ग्रॅमही कमी झालेला नाही. नळीच्या भिंतीत बारीक सांधा नीट चिकटलेला नसेल तर काय होईल, याची कल्पना यावरून करा. चाचणीत नळी अचानक ढिली निघाली तर मी सगळ्यात आधी सांध्यावर नख फिरवते.

पुढे मी पट्टीवरच बोलणार आहे. पट्टी समजली की बाकीचे छेद तिच्या आधाराने सोडवता येतात.

एका थराचे चार आकडे

प्रत्येक थरासाठी चार आकडे लागतात: धाग्याच्या दिशेचा ई-१, आडव्या दिशेचा ई-२, पातळीतला शिअर जी-१२ आणि पॉइसन गुणोत्तर (ओढल्यावर माल आडवा किती आखडतो ते). उदाहरणासाठी मी टी३००/५२०८ हा जुना, सर्वांच्या ओळखीचा माल घेते: ई-१ = १८१ गिगापास्कल, ई-२ = १०.३, जी-१२ = ७.१७ आणि पॉइसन ०.२८. थराची जाडी ०.१२५ मिलिमीटर.

या चार आकड्यांवरून क्यू मॅट्रिक्स, म्हणजे एका थराच्या ताठपणाचा तक्ता, काढायचा आणि धाग्याच्या कोनाप्रमाणे तो फिरवायचा. शून्य अंशाला शिअरचा घटक क्यू-६६ हा ७.१७ च राहतो. ४५ अंशाला तो ४६.६ होतो. इतकी उडी का, हे ज्याला कळत नाही त्याला मी कागदावर पेन्सिलीने एक चौकोन काढायला लावते. चौकोनाला बाजूने ढकलून तिरका केला की त्याचा एक कर्ण लांबतो आणि दुसरा आखडतो. धागे कर्णांवर असतील तर शिअरला अडवायला धाग्यांचा १८१ वाला ताठपणा उतरतो. धागे बाजूंना समांतर असतील तर मध्ये फक्त रेझिन. पिळाच्या कामात ±४५ चे थर का लागतात, याचं पूर्ण उत्तर त्या चौकोनात आहे.

जाडीतल्या जागेचं वजन

आता डी-६६. पाठ्यपुस्तकात तो बेरजेच्या चिन्हासह आणि घनांच्या वजाबाकीसह येतो, आणि वाचणारा तिथेच दचकतो. सारख्या जाडीच्या थरांसाठी मी तो पाढ्यासारखा करते. मधल्या पातळीपासून बाहेरच्या दिशेने एका अंगाचे आठ थर मोजा. त्यांची वजनं अशी: १, ७, १९, ३७, ६१, ९१, १२७, १६९. बेरीज ५१२, म्हणजे आठाचा घन. हे आठ आकडे मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहेत.

ते वाचून बघा. सगळ्यात बाहेरचा एक थर एकटाच एक तृतीयांश भार उचलतो. मधला थर पाचशे बारातला एक. मधले चार थर मिळून ६४ होतात, म्हणजे एक अष्टमांश. बाहेरचे चार उरलेले सात अष्टमांश.

मग दोन मांडण्या तुलनेला घेऊ. दोन्हींत आठ थर ±४५ चे आणि आठ शून्याचे. पहिलीत ±४५ बाहेर आणि शून्य आत, दुसरीत उलट. ओढताना दोन्ही सारख्याच ताठ. पिळताना मात्र असं होतं:

±४५ बाहेर असताना, सात अष्टमांश × ४६.६ + एक अष्टमांश × ७.१७ = ४१.७ गिगापास्कल.
±४५ आत असताना, एक अष्टमांश × ४६.६ + सात अष्टमांश × ७.१७ = १२.१ गिगापास्कल.

याला जाडीच्या घनाने गुणून बाराने भागलं की डी-६६ मिळतो: २७.८ आणि ८.१ न्यूटन-मीटर. सुमारे साडेतीनपट फरक, आणि तोही फक्त थरांचा क्रम बदलून. म्हणून मांडणीचा कागद "आठ ±४५, आठ शून्य" एवढाच लिहून आला तर मी तो परत पाठवते. क्रम नसेल तर पिळाचा हिशेब सुरूच होत नाही.

डी-६६ पासून पट्टीचा पीळ-ताठपणा काढायचं सूत्र छोटं आहे: ४ × रुंदी × डी-६६. यातल्या चारावर थोडं थांबा, कारण निम्म्या चुका इथेच होतात. पिळलेल्या पट्टीचा वळण-वक्र पिळाच्या दराच्या दुप्पट असतो, आणि टॉर्क हा पट्टीतल्या वळण-आघूर्णाच्या दुप्पट असतो. दोन दुणे चार. कोणी पहिले दोन विसरतं, कोणी दुसरे. आपल्या प्रोग्राममध्ये चूक झाली का हे तपासायला ॲल्युमिनियम भरा. जी = २६ गिगापास्कल, तीच २ मिलिमीटर जाडी, तीच ३० मिलिमीटर रुंदी. उत्तर २.०८ न्यूटन-मीटर² यायला हवं, कारण जी × रुंदी × जाडीचा घन ÷ ३ हे साधं सूत्रही तेवढंच देतं. १.०४ किंवा ०.५२ आलं तर दोन कुठे हरवला ते शोधा. मी कुठलाही नवा प्रोग्राम या एका आकड्याशिवाय पुढे वापरत नाही.

डी-६६ थेट घेऊ नका

वर मी डी-६६ सरळ वापरला, पण नेहमी तसं चालत नाही. खरं सूत्र आहे ४ × रुंदी ÷ लहान डी-६६, आणि हा लहान डी-६६ संपूर्ण मॅट्रिक्स उलटा करून मिळतो. टोकं वाकायला मोकळी असतील तर पट्टी पिळताना थोडी वाकून स्वतःची सोय करून घेते, आणि ती सोय डी-१६ व डी-२६ या वाकणं आणि पीळ जोडणाऱ्या घटकांतून येते.

±४५ च्या आलटून-पालटून सममित (मधल्या पातळीच्या दोन्ही अंगांना सारखेच थर असलेल्या) मांडणीत हा परिणाम लहान असतो. मघाची वजनं आलटून-पालटून अधिक-उणे करा: १६९ − १२७ + ९१ − ६१ + ३७ − १९ + ७ − १ = ९६. म्हणजे ५१२ पैकी ९६ एवढाच तिरपेपणा उरतो, आणि ताठपणा ३१.१ वरून ३०.२ वर येतो. तीन टक्के. पण सोळाच्या सोळा थर +४५ ला लावलेली पट्टी घ्या. तिचा डी-६६ तितकाच, ३१.१. मॅट्रिक्स उलटा केला की उरतो ६.३. सरळ डी-६६ घेणाऱ्याचा हिशेब पाचपटीने फुगतो.

एकदा एका पाहुण्या विद्यार्थ्याने अशीच एकतिरपी पट्टी आणली होती. तिचा मोजलेला पीळ हिशेबाच्या पाचपट, म्हणून तो बिचारा दोन दिवस साच्यातल्या तापमानाचा दोष शोधत बसला. पट्टी चांगलीच होती. तिने पिळताना वाकण्याचा मार्ग घेतला, आणि कागदावर तो मार्ग बंद करून ठेवलेला होता.

वाकणं आणि पीळ यांच्या या जोडीला दोष समजू नये. वाकलं की पीळ यावा किंवा येऊ नये, हे थरांनी ठरवता येतं. एक्स-२९ हे पुढे झुकलेल्या पंखांचं विमान १४ डिसेंबर १९८४ ला पहिल्यांदा उडालं. पुढे झुकलेला पंख वाकताना त्याचं टोक वर पिळलं जातं, त्यामुळे भार वाढतो, आणि वेग वाढला की पंख तुटायची वेळ येते. तिथे कार्बनच्या थरांची दिशा अशी निवडली होती की पंख वाकला तरी तो पीळ आवरला जावा. धातूने हे साधायचं तर पंख फार जड झाला असता.

मांडणी सममित नसेल तर ओढणं आणि वाकणं-पिळणं यांना जोडणारा बी मॅट्रिक्सही जागा होतो. वर +४५, खाली −४५ अशा उलट-सममित पट्टीला नुसती ओढली तरी ती पिळते. अशा वेळी सहा-बाय-सहाचा पूर्ण मॅट्रिक्सच उलटा करावा. अर्धामुर्धा हिशेब इथे करूच नये.

कडांचा वाटा

पट्टीला पीळ दिला की पातळीतला शिअर रुंदीभर पसरतो, एका अंगाला एका दिशेने, दुसऱ्या अंगाला उलट. पण टॉर्कचा निम्माच भाग यातून येतो. उरलेला निम्मा पट्टीच्या दोन कडांजवळ, जाडीच्या दिशेने चालणाऱ्या शिअरमधून येतो. केल्विन आणि टेट यांनी हे एकोणिसाव्या शतकातच उलगडून दाखवलं. धातूत याने फारसं बिघडत नाही. थरांच्या मालात मात्र हा उभा शिअर नेमका दोन थरांमधल्या रेझिनवर पडतो. पिळाने मोडलेल्या पट्ट्या मी भिंगाखाली बघते तेव्हा पहिली भेग कडेवरच दिसते. जाडीच्या मध्याजवळ ती दोन थरांच्या मधोमध केसासारखी सरळ निघालेली असते. म्हणून कडा कापताना घाई करू नका. करवतीने उसवलेली कड बारीक कागदाने घासून गुळगुळीत केल्याशिवाय मी पट्टी क्लॅम्पमध्ये धरत नाही.

हिशेबातही कडेची किंमत द्यावी लागते. एकजिनसी मालात पट्टीचा ताठपणा १ − ०.६३ × जाडी ÷ रुंदी इतक्या पटीवर येतो. आपल्या पट्टीसाठी चार टक्के, फार नाही. थरांच्या पट्टीत जाडी-रुंदीच्या गुणोत्तराला आणखी एका वर्गमुळाने गुणावं लागतं: पातळीतला शिअर-ताठपणा भागिले जाडीतला शिअर-ताठपणा. शून्याच्या पट्टीत दोन्ही सारखे, म्हणून चार टक्केच राहतात. ±४५ मध्ये वर ४६.६ आहे, आणि खाली मी साधारण ५ धरते. वर्गमूळ तीन येतं, आणि चार टक्क्यांचे तेरा होतात. हा अंदाज आहे, कारण यात सोळा थरांना एकच माल मानलं आहे. पण तेरा टक्के सोडून देण्यापेक्षा अंदाज बरा.

आकडे जुळवून ठेवू. ३०० मिलिमीटर मोकळी लांबी आणि ०.२ न्यूटन-मीटर टॉर्क. शून्याची पट्टी कडेच्या दुरुस्तीशिवाय ६.० अंश पिळते, दुरुस्तीसह ६.२६. ±४५ ची पट्टी ०.९५ अंश, दुरुस्तीसह १.०९.

टोकं

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते टोकांनी.

सुरुवातीच्या वर्षांत मी शून्याच्या पट्ट्यांवरून जी-१२ काढायचं काम करत होते. पट्टी दोन जबड्यांत घट्ट धरायची, एक जबडा फिरवायचा, टॉर्क आणि कोन लिहायचा. हिशेब ६.२६ अंश सांगत होता आणि पट्टी ५.३ ते ५.४ च फिरत होती. सहा पट्ट्या तपासल्या, सहाही तशाच. सतरा टक्के जादा ताठ. मापं पुन्हा घेतली. जाडी मायक्रोमीटरने नऊ ठिकाणी मोजली, कारण जाडीचा घन येतो आणि तिथली दोन टक्के चूक सहा टक्के होते. जाडी बरोबर होती. मग मी केलं ते आज कोणाला करू देणार नाही: जी-१२ ची किंमत ७.१७ वरून ८.४ केली, आलेख हिशेबावर चपखल बसला, आणि अहवाल पुढे गेला.

काही आठवड्यांनी त्याच पट्ट्या निम्म्या कापून १५० मिलिमीटरवर तपासायची वेळ आली. या वेळी हिशेब जुळायला जी-१२ दहाच्या वर न्यावा लागत होता. पट्टी कापल्याने माल बदलत नाही. चूक माझी आहे हे तेव्हा उघड झालं, आणि ती शोधायला मी जबड्याजवळ पांढऱ्या पेन्सिलीने कडेला समांतर रेषा ओढल्या. पट्टी पिळली की मध्यभागी कडेची रेषा मळसूत्रासारखी तिरकी चढते. जबड्याच्या तोंडाशी ती तिरकी होऊ शकत नाही, जबडा तिला सरळ दाबून धरतो. त्यामुळे जबड्यापासून दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत रेषा हळूहळू वळत जाते. तेवढ्या भागात कडेचे धागे छोट्या छोट्या बीमसारखे वाकताहेत. आणि शून्याच्या पट्टीत वाकण्याला अडवणारा ताठपणा १८१ चा आहे, शिअरला अडवणारा फक्त ७ चा.

सेंट-व्हेनांचा १८५५ चा पिळाचा सिद्धांत टोकं मोकळी धरतो. टोकांचं बांधलेपण हिशेबात धरायची रीत व्लासोव यांच्या पातळ भिंतींच्या सिद्धांतातून येते. आपल्या पट्टीसाठी ती एका ओळीत बसते: प्रत्येक टोकाला वाया जाणारी लांबी = रुंदी × (डी-११ ÷ (४८ × डी-६६)) चं वर्गमूळ. डी-११ म्हणजे लांबीच्या दिशेने वाकण्याचा ताठपणा. शून्याच्या पट्टीत डी-११ आणि डी-६६ चं गुणोत्तर सुमारे २५. वाया जाणारी लांबी २१.८ मिलिमीटर, दोन टोकांची मिळून ४३.६. तीनशेतून ही वजा केली की पट्टी सतरा टक्के ताठ वाटते. दीडशेतून वजा केली की एक्केचाळीस टक्के. माझे दोन्ही आकडे तिथेच बसले. ८.४ वाला अहवाल मी परत मागवला आणि दुरुस्त करून दिला.

±४५ च्या पट्टीत हीच लांबी तीन ते पाच मिलिमीटर असते, म्हणून तिथे हा घोटाळा लक्षातच येत नाही. स्टीलवर सवय झालेल्या माणसालाही तो दिसत नाही. थरांच्या मालात लांबीचा ताठपणा आणि शिअर यांचं गुणोत्तर स्टीलच्या दहापट असू शकतं, आणि टोकांचा परिणाम तिप्पट आत शिरतो. आय-सेक्शनसारख्या उघड्या छेदात तर तो बीमच्या बऱ्याच लांबीवर पसरतो. तिथे टोकं कशी धरली आहेत हे माहीत नसताना पिळाचा कोन सांगणं म्हणजे अंधारात दगड.

म्हणून माझी आताची रीत अशी. एकच पट्टी तीन मोकळ्या लांबींवर तपासते: ३००, २२५, १५०. प्रत्येक वेळी कोन भागिले टॉर्क काढते आणि लांबीसमोर आलेखावर मांडते. तीन बिंदू एका सरळ रेषेत यायला हवेत. रेषेच्या उतारावरून खरा पीळ-ताठपणा मिळतो, टोकांचा त्यात हात नसतो. रेषा लांबीच्या अक्षाला जिथे छेदते, तीच वाया गेलेली लांबी. ती ४४ च्या आसपास आली की जबडे, पट्टी आणि हिशेब तिघांचं एकमत आहे असं मी मानते. शून्याच्या डाव्या बाजूला गेली तर पट्टी जबड्यात घसरते आहे.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात. पिळलेली पट्टी किंचित आखडू पाहते. दोन्ही जबडे लांबीच्या दिशेने जाम असतील तर ती ताणली जाते, आणि ताण पट्टीला पिळाविरुद्ध ताठ करतो. वाढ असते ताण × रुंदीचा वर्ग ÷ १२. एक हजार न्यूटन ताणाने आपल्या शून्याच्या पट्टीत ०.०७५ न्यूटन-मीटर² ची भर पडते, म्हणजे सुमारे चौदा टक्के. एक जबडा लांबीच्या दिशेने सरकता ठेवा. हेलिकॉप्टरच्या पात्यांत हाच परिणाम फिरण्याच्या ताणामुळे येतो, आणि तिथे तो हिशेबात धरावाच लागतो.

संगणकावर

फायनाइट एलिमेंटमध्ये (वस्तूचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून हिशेब करायच्या पद्धतीत) पट्टी सोडवायची तर शेल, म्हणजे पातळ पत्र्यासारखं एलिमेंट, पुरतं. पण रुंदीत किमान वीस एलिमेंट ठेवा आणि कडेला ती बारीक करा, नाहीतर कडेचा तो निम्मा वाटा पुसट होतो. थरांमधला शिअर हवा असेल तर कडेजवळ प्रत्येक थराला घन एलिमेंटची निदान एक ओळ लागते. नळीत शेलचे नोड (एलिमेंट जोडणारे बिंदू) बाहेरच्या पृष्ठभागावर ठेवून जाडी आत सरकवायचा मोह टाळा. पिळात त्याने उत्तर बिघडू शकतं, नोड भिंतीच्या मध्यावरच ठेवा. पात्यासारखा लांब आणि किचकट छेद असेल तर आधी छेदाचं विश्लेषण वेगळं करून त्यातून सहा-बाय-सहाचा ताठपणा काढणं सोयीचं. व्हीएबीएस आणि डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातलं बेकास ही त्यासाठी वापरात असलेली साधनं आहेत.

थरांच्या कोनाचं चिन्ह मात्र डोळ्यांनी तपासा. एलिमेंटचा लंब उलटा फिरला की +४५ चं −४५ होतं आणि प्रोग्राम एका शब्दानेही सांगत नाही. मी सगळे थर +४५ ला लावून एकदा पीळ देते आणि टोक कुठल्या बाजूला वाकतं ते हातातल्या पट्टीशी ताडून बघते.

मोडणार कुठे

ताठपणा झाला, आता ताकद. पिळाचा दर गुणिले मध्यापासूनच्या अंतराची दुप्पट, हा त्या थरातला शिअर-विकार (तिरकं होण्याचं प्रमाण). तो धाग्याच्या दिशेत फिरवा. शून्याच्या थरात तो शुद्ध शिअरच राहतो. या मालाची शिअर-ताकद ६८ मेगापास्कल धरली तर थर सुमारे ०.९५ टक्क्याला हात टेकतो.

४५ च्या थरात चित्र वेगळं. एका दिशेने पिळलं की धागे ताणले जातात आणि त्यांच्या आडवं रेझिन दाबलं जातं, ते सुखाचं आहे. उलट पिळलं की धागे दाबले जातात आणि रेझिन ताणलं जातं, आणि आडव्या ताणाला या मालाची ताकद केवळ ४० मेगापास्कल आहे. दाबाला तीच २४६. त्यामुळे ताणाच्या बाजूला साधारण १.१ टक्के शिअर-विकारालाच रेझिनमध्ये बारीक चिरा पडू लागतात.

सममित पट्टीत वरचा आणि खालचा थर दोन्ही +४५ चे असतात, पण दोन्ही पृष्ठभागांवरचा शिअर उलट दिशेचा. म्हणून कुठूनही पिळा, एक पृष्ठभाग सुखात आणि दुसरा त्रासात असतो. चिरा एकाच बाजूला दिसतात, दिशा बदलली की दुसऱ्या बाजूला. उलट-सममित पट्टीत मात्र दोन्ही पृष्ठभाग एकाच वेळी सुखात असतात, किंवा एकाच वेळी त्रासात. तिला एक बलवान दिशा असते आणि एक दुबळी. नळीच्या सगळ्यात बाहेरच्या थराचंही तेच. शाफ्टवर टॉर्क बहुतांश एकाच दिशेने येणार असेल, तर बाहेरच्या थराचा कोन असा निवडा की त्या दिशेने धागे ताणले जातील.

यासाठी चाचणीच्या कागदावर मी तीन ओळी छापूनच घेतल्या आहेत: बाहेरच्या थराचा कोन कुठल्या टोकाकडून बघून लिहिला, जबडा घड्याळाच्या दिशेने फिरवला की उलट, आणि पहिली चीर वरच्या पृष्ठभागावर दिसली की खालच्या. पट्टी जबड्यात धरण्याआधी पहिल्या दोन ओळी भरायच्या. तिसरीसाठी भिंग हाताशी ठेवायचं आणि आधी कड बघायची.